शिबतोष जेठूंचं निदान आणि पोस्तोचं पोट

आमच्या गल्लीत कुणी कुणाला 'कसे आहात' असं विचारत नाही. 'पोट कसंय' असं विचारतात. आणि समोरचा खरंच सांगतो, हीच तर अडचण आहे. दुधाची पिशवी हातात, कॉलेजची ट्रेन सुटायला आलीये, आणि कोपऱ्यावर फटिक काका उभे राहून सांगतायत की काल रात्री वांगं खाल्लं आणि तेव्हापासून इथून, म्हणजे बरगडीच्या खालून, काहीतरी वर येतंय. काय वर येतंय ते त्यांना नीट सांगता येत नाही म्हणून ते हाताने दाखवतात. गल्ली गंगेच्या घाटाकडे उतरते, अख्ख्या कोन्नगरात आमच्याइतकी छान हवा कुठे नाही, पण त्या हवेबद्दल कुणी बोलत नाही. हवा म्हटलं की आमच्याकडे पोटातलीच.

तर या सगळ्या पोटांचे मालक म्हणजे शिबतोष भादुडी. नगरपालिकेच्या पाणीखात्यातून रिटायर झाले, आमच्या शेजारच्याच घरात राहतात, भिंतीला भिंत. माझ्या बाबांपेक्षा मोठे, म्हणून मी त्यांना जेठू म्हणते. जेठूंनी आयुष्यात एकही गोष्ट मनापासून खाल्लेली नाही. तळलेलं बंद, डाळ बंद, दूध बंद, हिल्सा मासा तर नुसता शेजारी तळला तरी ते खिडकी लावून घेतात. कच्च्या केळ्याचं पातळ कालवण, त्यात शिंगी माशाचा एक तुकडा, आणि मऊ भात. वरून ओव्याचा अर्क. झोपताना इसबगोल. लग्नांना जातात तेव्हा स्वतःचा डबा घेऊन जातात आणि पंगतीत बसून, समोरचा मटण खात असताना, त्याला उद्या सकाळी काय होणार ते शांतपणे सांगतात. आणि वाईट म्हणजे ते होतं.

संध्याकाळी त्यांच्या घरापुढच्या ओट्यावर दरबार भरतो. जेठू मधे, मांडीवर होमिओपॅथीची लाकडी पेटी, डोक्याला माकडटोपी. माकडटोपी त्यांची दुर्गापूजा संपली की चढते आणि वैशाखाशिवाय उतरत नाही, कारण ऋतू बदलताना जी हवा असते ना, ती म्हणे कानातून शिरते आणि थेट पोटात जाते. मी एकदा म्हटलं की जेठू, कानातून पोटात रस्ताच नाहीये. ते म्हणाले, 'तुमच्या पुस्तकात नसेल.' ओट्यावर फटिक काका असतात, तारापद मास्तर असतात, आणखी चार-पाच जण असतात. तारापद मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे आणि ते कट्टर ॲलोपॅथीवाले, खिशात अँटासिडची पट्टी कायम. ते जेठूंच्या प्रत्येक निदानाला विरोध करतात आणि निघताना गुपचूप चार गोळ्या मागून नेतात.

जेठूंच्या घरात माणसं दोनच. ते आणि त्यांची थोरली बहीण, जिला अख्खी गल्ली पिशीमा म्हणते. जेठीमा, म्हणजे जेठूंची बायको, गेल्या पावसाळ्यात गेली. आणि जेठीमानं मागे ठेवलेली एकच जिवंत वस्तू म्हणजे पोस्तो.

पोस्तो म्हणजे आमच्याकडे खसखस. वाटलेल्या खसखशीसारखी पांढरी, म्हणून पोस्तो. पर्शियन आणि आमच्या मासळीबाजारातला कुणी एक बोका, अशा मिश्र विवाहातून झालेली मांजर. चेहरा राणीसाहेबांचा आणि आवाज कोळणीचा. केस एवढे लांब की ती चालते तेव्हा पाय दिसत नाहीत, कुणीतरी कापसाची उशी दोरीनं ओढत नेतंय असं वाटतं. पिशीमाला ती आवडत नाही, कारण पिशीमा विधवा, निरामिष, सोवळ्यातली, आणि पोस्तोचा केस तिच्या भाताच्या टोपात सापडला की टोप पुन्हा घासायचा, पुन्हा आंघोळ, पुन्हा भात. पण मांजर हे षष्ठीदेवीचं वाहन. तिला घराबाहेर काढलं तर देवी घरातल्या लेकराबाळांवर कोपते. त्या घरात लेकरूबाळ कुणी नाही, म्हणून पिशीमा सत्तरीच्या भावालाच लेकरू धरते आणि मांजर सहन करते.

जेठू मात्र. काय सांगू. हा माणूस स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याशी पोटाशिवाय कशाबद्दल बोललेला नाही, आणि पोस्तोशी तो सकाळपासून बोलतो. पेपर वाचून दाखवतो. तिनं जांभई दिली तर थांबतो आणि विचारतो, 'नको का? बरं, खेळाचं पान बघू.' मी भिंतीपलीकडून ऐकते. कधीकधी हसू येतं, कधीकधी येत नाही.

तर फाल्गुन संपता संपता पोस्तोला उलट्या सुरू झाल्या.

आधी नुसता आवाज. मान पुढे काढायची, पोट आत ओढायचं, खाक् खाक् खाक्, जसं काही कुणी आत बसून जुनी स्कूटर सुरू करतंय. मग थोडा फेस. जेठूंनी चष्मा लावला, फेस पाहिला, आणि एका सेकंदात निदान झालं. पित्त. त्याशिवाय दुसरं काही होऊच शकत नाही, आमच्या गल्लीत माणूस गाडीखाली आला तरी आधी पित्तच झालेलं असतं. त्यांनी पोस्तोला कच्च्या केळ्याच्या कालवणावर टाकलं. शिंगी माशाचा तुकडा स्वतःच्या ताटातला काढून तिच्या बशीत. नक्स व्हॉमिकाच्या दोन गोळ्या पाण्यात विरघळवून. चमचाभर इसबगोल. आणि ऋतू बदलतोय म्हणून पिशीमाकडून लोकरीचा जुना मोजा कापून घेतला, त्याला दोन कानांची भोकं पाडली, आणि पोस्तोला माकडटोपी घातली.

मी ते बघितलं आणि मला इतकं हसू आलं की मी फोटो काढायचाही विसरले. ओट्यावर एक मोठी माकडटोपी आणि एक छोटी माकडटोपी, दोघेही गंगेकडे तोंड करून, दोघांचीही तोंडं सारखीच कडू.

संध्याकाळी ओट्यावर विषय पोस्तोच. फटिक काकांचं म्हणणं पडलं की वांगं खाल्लं असेल. पोस्तोनं वांगं कुठून खाल्लं हे कुणी विचारलं नाही. तारापद मास्तर म्हणाले अल्सर, त्यांच्या धाकट्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आणखी एकानं कृमी म्हटलं, आणखी एकानं नजर. प्रत्येकानं स्वतःलाच जे झालंय ते उदार मनानं मांजरीला देऊन टाकलं. जेठूंनी सगळ्यांचं ऐकलं आणि पित्तावर शिक्का मारला.

आणि मग ती उंदराची भानगड झाली.

एका सकाळी पोस्तोनं अंगणात खूप वेळ खाकरून काहीतरी टाकलं. बोटाएवढं लांब, ओलं, केसाळ, मळकट पांढरं. जेठू पायरीवर होते, चष्मा आत. पिशीमा तुळशीपाशी होती. तिनं ते पाहिलं आणि किंचाळली की उंदीर, मेलेला उंदीर, राम राम राम. कुणी जवळ जायच्या आत तिनं चुलीचा चिमटा आणला, तोंडाला पदर लावून ते उचललं, गटारात टाकलं, चिमटा घाटावर नेऊन गंगेत बुडवला आणि स्वतःही बुडून आली. पुरावा संपला. राहिला नुसता उंदीर.

आता हे समजून घ्या की पोस्तोनं जन्मात उंदीर मारलेला नाही. एकदा तिच्या बशीतला मासा उंदरानं नेला होता आणि ती बाजूला बसून बघत होती, मी साक्षीदार आहे. म्हणून ही बातमी म्हणजे जेठूंच्या घरचं पोरगं एकदम बोर्डात आल्यासारखं झालं. जेठू त्या संध्याकाळी ताठ बसले होते. पोस्तो मांडीवर, मोज्याच्या टोपीत. फटिक काकांनी तिला नमस्कार केला, खरंच, हात जोडून.

तारापद मास्तरांनी शंका काढली. पांढरा उंदीर आमच्या गल्लीत कुठून येणार? इथले सगळे काळे, ज्यूट मिलच्या गोदामातले. मग फटिक काकांना सुचलं की प्रयोगशाळेतला असेल, पांढरे उंदीर तिथेच ठेवतात. आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं, कारण मी कॉलेजला झूलॉजी घेतलंय. मला विचारण्यात आलं की आमच्या कॉलेजातून एखादा उंदीर कमी झालाय का. मी म्हटलं आमच्या कॉलेजात पंखे नाहीत, उंदीर कुठले. कुणी लक्ष दिलं नाही. प्रयोगशाळेचा उंदीर म्हणजे औषधं टोचलेला, म्हणजे विषारी, म्हणजे पोस्तोच्या उलट्यांचं मूळ कारण सापडलं. जेठू म्हणाले उंदीर मुळात पचायला जड, त्यात हा असा. त्याच रात्रीपासून मासाही बंद. फक्त भाताची पेज.

मी पण हसले होते हो. सगळ्यांबरोबर मीही हसले, घरी येऊन आईला सांगितलं, आई पण हसली.

दोन दिवसांनी पोस्तोनं पेज सोडली. मग पाणी सोडलं. वाळूच्या टबात जाऊन बसायची, जोर करायची, आणि काहीच न होता बाहेर यायची. खाकरणं चालूच, पण आता बाहेर काही पडत नव्हतं, फेससुद्धा नाही. मग ती कपाटाखाली जाऊन बसली. मी बोलावलं तर डोळे उघडले, तेवढंच. तिची टोपी मी काढून टाकली तर जेठूंनी मला अडवलं नाही, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मी म्हटलं डॉक्टरकडे नेऊ या, उत्तरपाड्याला आहेत ना एक जनावरांचे. जेठू म्हणाले बघू. मी कॉलेजातून परत आले तेव्हाही ते बघूच म्हणत होते. पेटी उघडी, सगळ्या बाटल्या जमिनीवर, आणि ते कपाटासमोर जमिनीवर पालथे पडून आत बघतायत.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "जेठू, तुम्हाला कळत नाहीये तिला काय झालंय. नाही कळत तर नाही कळत म्हणा ना. काय होईल? ओट्यावर कोण काय म्हणेल एवढंच ना?"

ते उठून बसले. माझ्याकडे न बघता बाटल्या एकेक करून पेटीत ठेवायला लागले.

"टुसी," ते म्हणाले, "तुला वाटतं ते लोक माझ्याकडे गोळ्यांसाठी येतात?"

"मग कशासाठी?"

"मला कळतं म्हणून येतात. संध्याकाळी दार उघडलं की कुणीतरी बसलेलं असतं. तुझी जेठीमा गेल्यापासून एकही संध्याकाळ अशी नाही की कुणी बसलेलं नव्हतं. उद्या मी मांजर काखोटीला मारून डॉक्टरच्या दारात उभा राहिलो, की परवा फटिक तारापदच्या ओट्यावर बसेल."

आतून पिशीमा म्हणाली, "शिबू, तारापदला ओटा नाहीच आहे." पण ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. मी रागानं घरी आले आणि येताना दार आपटलं. आणि भिंतीला कान लावून बसले. पलीकडून आवाज येत होता, पेपर वाचल्याचा. खेळाचं पान. एक ओळ वाचायचे, थांबायचे, पुन्हा तीच ओळ.

सकाळी मी दात घासत होते तेव्हा जेठू आमच्या दारात. इस्त्रीचा पंजाबी, म्हणजे आमच्याकडचा झब्बा, काखेत मासळीची नायलॉनची पिशवी, आणि पिशवीतून पोस्तोचं डोकं बाहेर. "चल," एवढंच म्हणाले. मी तोंडही नीट धुतलं नाही.

टोटोत, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षात, बसेपर्यंत नेमके फटिक काका भेटलेच. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, पिशवीनं त्यांच्याकडे पाहिलं. विचारलं, कुठे निघालात शिबूदा इतक्या सकाळी. जेठू म्हणाले हवा खायला. ज्या माणसानं आयुष्यभर हवा टाळली त्यानं हे सांगितलं. फटिक काका तसेच उभे राहिले, आम्ही जी. टी. रोडला वळेपर्यंत.

डॉक्टर मंडल तरुण होते, जाड चष्मा, शर्टाला कुत्र्याचे केस. जेठू आत शिरले ते शिरा ताणूनच. गुरांचा डॉक्टर आपल्याला काय विचारणार असा चेहरा. पण डॉक्टरांनी विचारलं, उलटी कशी होती, आणि बस्. जेठू सुटले. रंग कसा, फेस किती, जेवणानंतर किती वेळानं, पातळ की चिकट, वास आंबट की कुजका, करताना शेपटी कुठे होती, शेवटची शी कधी, तिचा आकार, ती टबाच्या कुठल्या कोपऱ्यात, तिला इसबगोल किती दिलं, आणि स्वतः ओव्याचा अर्क किती घेतात तेही. डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. ते नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, तुम्ही डॉक्टर आहात का? जेठू म्हणाले नाही, पाणीखात्यात होतो.

मग डॉक्टरांनी पोस्तोच्या पाठीतून बोटं फिरवली. एकदाच. हात वर केला तर मुठीत केस. पुन्हा फिरवली, पुन्हा मूठभर. टेबलावर दुसरी छोटी मांजर तयार व्हायला लागली.

"हिला कंगवा कधी केला होता शेवटचा?"

"कंगवा?" जेठूंना खरंच धक्का बसला. "चैत्रात? अंगावरची लोकर मोकळी केली तर वारा नाही का लागणार तिला?"

"काका, हिवाळ्याची लोकर आहे ही, गळतेय. तुम्ही काढली नाहीत तर ती चाटून चाटून काढणार. आणि चाटलेलं कुठे जातं?"

जेठूंनी टेबलावरचे केस चिमटीत धरून पाहिले. उत्तर डॉक्टरांनीच दिलं.

"पोटात. तिथे त्याची वात वळली जाते. थोडी उलटीतून पडते, थोडी शीतून जाते. केसाळ, लांबट असं काही पडलं होतं का मधे?"

जेठू माझ्याकडे बघायला लागले. मला उंदराचं सांगावं लागलं. प्रयोगशाळेचं मी गाळलं, तेवढी माझ्यात माणुसकी आहे. डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले उंदीर नव्हता तो, हिचेच केस होते. एक गोळा बाहेर आला, दुसरा आत अडकून बसलाय. पोट दाबून दाखवलं कुठे ते. एक्स-रे काढून खात्री केली. मग सलाइन, एक इंजेक्शन, आणि मधासारखा चिकट मलम तिच्या टाळूला चोपडला. हे दिवसातून एवढ्या वेळा द्यायचं, आणि उद्या संध्याकाळपर्यंत गोळा सरकला नाही तर पोट कापावं लागेल. म्हातारी नाहीये, पण अशक्त झालीये. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

जेठूंनी विचारलं ते वेगळंच. "पण आधी कधीच झालं नाही हो असं. इतकी वर्षं लांब केसच आहेत तिचे."

"आधी कुणी विंचरत असेल."

"छे. कुणीच नाही."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "जेठीमा विंचरायची. गच्चीवर. रोज दुपारी, ऊन असताना. आमच्या गच्चीवरून दिसायचं ना. तिचा तो लाल कंगवा."

जेठूंना हे माहीत नव्हतं. कसं असणार, गच्चीवर वारा असतो, ते कधी वर गेलेच नाहीत. त्यांना वाटायचं बायको पापड वाळत घालायला जाते. ते पोस्तोच्या केसांच्या त्या ढिगाकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी तो ढीग गोळा करून पंजाबीच्या खिशात घातला. डॉक्टर म्हणाले असू दे, कचऱ्यात टाकतो आम्ही. ते म्हणाले नको.

निघताना डॉक्टरांनी सांगितलं की काका, तुम्ही इसबगोल दिलंत ते मात्र काही वाईट नाही केलंत, आम्हीही कधी कधी देतो. मला वाटलं आता जेठू फुलणार. फुलले नाहीत. नुसती मान हलवली. आणि मग डॉक्टरांनी दार थोडं लोटलं, आवाज खाली आणला, आणि विचारलं की ते मघाशी म्हणालात तो ओव्याचा अर्क, तो जेवणाआधी का नंतर, कारण माझं रोज अकराच्या सुमाराला इथून, बरगडीच्या खालून. आणि हाताने दाखवलं. जेठूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला डॉक्टरांची कीव आली. 'नंतर' म्हणाले, आणि पिशवी उचलली.

संध्याकाळी ओटा भरलेला होता. नेहमीपेक्षा जास्त, कारण फटिक काकांनी हवेची बातमी सगळीकडे पोचवली होती. मी मुद्दाम जाऊन बसले. मला वाटत होतं जेठू काहीतरी मारून नेतील, की मी म्हणालोच होतो, इसबगोल बघा डॉक्टरनंही मानलं. तसं केलं असतं तर मी सगळ्यांसमोर सगळं बोलले असते, मी मनात वाक्यं तयार करून आले होते.

जेठू बाहेर आले. पेटी नव्हती. बसले नाहीत, उभ्यानंच म्हणाले, "पोस्तोला पित्त नाही. पोटात केसांचा गोळा आहे. मला कळलं नाही. मी पेज देत बसलो आणि ती मरायला टेकली. उंदीरही नव्हता तो. तेव्हा तुमच्या पोटांबद्दल मी जे काय सांगत आलोय, ते तुम्ही आपलं तपासून घ्या."

घाटावर लाँचचा भोंगा वाजला. माझी सगळी तयार वाक्यं वाया गेली आणि मला रडायला यायला लागलं.

मग फटिक काका म्हणाले, "पण शिबूदा, गोळा आहे कुठे?"

"पोटात."

"मग पोटाचंच झालं की." फटिक काकांनी सगळ्यांकडे पाहिलं. "शिबूदा पहिल्या दिवसापासून म्हणतायत पोटाचं आहे. म्हणतायत ना?"

म्हणतायत, म्हणतायत, असं सगळे म्हणाले. तारापद मास्तर, ज्यांनी आयुष्यात जेठूंचं एक निदान मान्य केलं नव्हतं, तेही म्हणाले की मूळ निदान बरोबर, तपशिलात थोडा फरक, एवढा फरक ॲलोपॅथीतही चालतो. एकजण म्हणाला केस पोटात गेल्यावर पित्त होणारच, म्हणजे पित्तही बरोबर. आणि एकानं तर आपल्याही पोटात केस असावेत अशी शंका बोलून दाखवली, कारण त्याची बायको स्वयंपाक करताना वेणी घालत नाही. पाच मिनिटांत सगळ्यांच्या पोटात केस. फटिक काकांच्या बरगडीखालून जे वर येत होतं तेही केसच होते, त्यांना आता जाणवायलाच लागलं होतं.

जेठूंचा चेहरा बघण्यासारखा होता. माणूस इतक्या कष्टानं सिंहासनावरून उतरला आणि खाली प्रजेनं पायच धरून ठेवले. ते म्हणाले, "अरे मी चुकलो म्हणतोय." फटिक काका म्हणाले, हो हो, ते झालंच, पण माझं वांग्याचं काय करायचं ते सांगा. जेठू आत गेले आणि दार लावून घेतलं. कुणी उठलं नाही. अंधार पडेपर्यंत बसले होते, बंद दाराकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. प्रॅक्टिकल होतं, गेलं उडत. जेठू मागच्या खोलीत, पंखा बंद, खिडकी मात्र उघडी, आणि मांडीवर पोस्तो. कंगवा त्यांचा स्वतःचा, खिशातला काळा. त्यांना विंचरता येत नव्हतं. उलट्या बाजूनं ओढायचे, ती गुरगुरायची, ते माफी मागायचे. पिशीमा दारात उभी राहून सूचना देत होती, ती आत येणार नव्हती कारण खोलीभर केस उडत होते, पण जातही नव्हती. शेवटी म्हणाली, "असं नाही रे, मानेपासून खाली, तुझी बायको कशी करायची." म्हणजे पिशीमालाही माहीत होतं. मलम दिला, पुन्हा विंचरलं, पुन्हा मलम. दुपार झाली. काही नाही. जेठूंनी तीन वेळा घड्याळ पाहिलं आणि तीनही वेळा मला विचारलं किती वाजले.

ऊन कलल्यावर पोस्तो मांडीवरून उतरली. टबाकडे गेली. आम्ही तिघंही दुसरीकडे बघायला लागलो, एखाद्या पाहुण्याला लाज वाटू नये म्हणून बघतात तसं. वाळू उकरल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा वाळू.

जेठूंनी जाऊन पाहिलं. चष्मा लावून पाहिलं, वाकून पाहिलं. आणि वळले तेव्हा ते रडत होते, उघड, तोंड न लपवता. "झालं," म्हणाले. पिशीमानं षष्ठीदेवीला हात जोडले आणि म्हणाली, चिमटा आणते. जेठू म्हणाले, राहू दे, मी काढतो.

बशीत शिंगी मासा होता, उकडलेला, काटे काढलेला. पोस्तो आली, वास घेतला, बाजूला बसली. आमचा जीव गेला. मग तिनं एक पाय चाटायला घेतला, विचार बदलला, आणि बशीत तोंड घातलं.

तेवढ्यात बाहेर कड्या वाजायला लागल्या. संध्याकाळचे सगळे आले होते आणि आज ओट्यावर थांबायला कुणी तयार नव्हतं. दार पिशीमानं उघडलं तसे सरळ आत, फटिक काका पुढे, बरगडीखाली हात धरून, तारापद मास्तर मागे, आणि दोन जण नवीन, जे मी आधी कधी ओट्यावर पाहिलेच नव्हते. फटिक काकांनी तोंड उघडलं, शिबूदा, आज सकाळपासून.

जेठूंनी मागे न बघता हात वर केला.

"थांबा. ती जेवतेय."

आणि ते थांबले. सगळे, आपापलं पोट धरून, भिंतीला टेकून, जमिनीवर उकिडवे, जागा मिळेल तिथे, एकही शब्द न बोलता, पोस्तो बशी चाटूनपुसून संपवेपर्यंत. तिला घाई नव्हती.